बिनआवाजाची होडी

दामाजी नाखवा मासा कानाने पकडायचा. कोपरीच्या कोळीवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नसे. बाहेरच्याला सांगितलं तर तो हसायचा. मीठबंदरावरून होडी खाडीत बरीच आत गेली की दामाजी सगळी वल्ही थांबवायला सांगे, आपलं वल्हं पाण्यात सरळ उभं धरी आणि मुठीला उजवा कान लावून डोळे मिटून बसे. घोळ मासा पाण्याखाली आवाज करतो. तांब्याच्या हंड्यात बेडूक बसावा तसा तो आवाज असतो आणि लाकडातून तो वर चढतो. तो कानावर आला की दामाजी डावा हात वर करी, आणि मागून आलेल्या पाच-सहा होड्या जाळी सोडत. हात वर झाला नाही तर कुणी जाळ्याला बोट लावत नसे. त्याच्या एका कानावर निम्म्या कोळीवाड्याच्या चुली पेटायच्या असं म्हातारे सांगतात, आणि त्यात त्यांनी फारसं पदरचं घातलेलं नाही.

पुढे इंजिनं आली. पहिलं डिझेल इंजिन दामाजीच्या आतेभावाने, धाकूने बसवलं. पूजा झाली, होडीला हार घातला, दामाजीनेच नारळ फोडला. होडी फटफटत निघाली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. दामाजीने पेढा खाल्ला, घरी आला आणि म्हणाला की आता ऐकायचं काम संपलं. पाच-सहा वर्षांत बंदरावरची एकूण एक होडी फटफटायला लागली. त्याच वर्षांत खाडीतली घोळ आधी कमी झाली आणि मग दिसेनाशीच झाली. कोळीवाड्याने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि निकाल देऊन टाकला, की इंजिनाच्या आवाजाला भिऊन मासा पळाला. पाण्याला वास यायचा, ओहोटीला चिखलात निवट्यांसारखी बारकी मासळी पोट वर करून पडलेली दिसायची, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण वासाने मासा पळत नाही, आवाजाने पळतो, असं धाकूचं म्हणणं. आणि सगळ्यांत आधी इंजिन बसवण्याचं पाप त्याचंच असल्यामुळे त्याच्या म्हणण्याला वजन होतं.

दामाजी वल्ह्यावरच राहिला. शहाऐंशी साली त्याचा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर उचलेना. होडी बंदरावर पालथी पडली आणि दामाजी भरतीच्या वेळी तिच्या शेजारी जाऊन बसू लागला. काम असल्यासारखा वेळेवर जायचा आणि पाणी उतरलं की परत यायचा.

त्याचा एकुलता एक मुलगा नामा वागळे इस्टेटीतल्या एका वर्कशॉपमध्ये होता. जळलेल्या मोटरी यायच्या, त्यांतली जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची आणि मोटर पुन्हा चालू करून द्यायची. निम्म्याहून जास्त मोटरी पंपांच्या असत. केमिकल कारखान्यांतलं वापरलेलं पाणी बाहेर फेकणारे पंप. ते पाणी मोटरींना खाऊन टाकायचं, म्हणून त्याच त्याच मोटरी वर्षातून दोनदा यायच्या आणि वर्कशॉपचा मालक खूश असायचा. नामा सोळाव्या वर्षी आयटीआयला गेला तेव्हा दामाजी महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हता. पण रक्तातलं जाईल कुठे? चालू मोटरीच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं कुठलं बेरिंग गेलंय ते सांगायचं, यात नामाचा हात धरणारा इस्टेटीत कुणी नव्हता. हे आपण कुठे शिकलो ते त्याने वर्कशॉपमध्ये कधी सांगितलं नाही.

लहानपणी एकदा, आठ-नऊ वर्षांचा असताना, तो बापाच्या होडीत होता. बापाचा डावा हात वर गेला तेव्हा त्याच्यामागे पाच होड्यांवरची माणसं एकाच वेळी उठून उभी राहिली होती. नामाने आयुष्यात पुष्कळ गोष्टी बघितल्या, पण त्या हातासारखं काही बघितलं नाही. म्हातारा आता पंच्याहत्तरीला आला होता. तो हात एकदा, फक्त एकदा, पुन्हा वर गेलेला बघावा एवढंच नामाच्या मनात होतं. होडीला मोटर बसवण्याचं सगळं खूळ त्यातून निघालं.

खुळाला साथ दिली उत्तमने. उत्तम डोंबिवलीचा, आयटीआयमधला जोडीदार. पुढे डिप्लोमा करून एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायचा. बोलणं पुस्तकी, आकडे तोंडपाठ. वर्कशॉपमध्ये भंगारात टाकलेली एक बॅटरीवर चालणाऱ्या हातगाडीची मोटर होती, चोवीस व्होल्टची, पाऊण हॉर्सपॉवरची. नामाने नवी तार गुंडाळून ती भरली. ट्रकच्या दोन बॅटऱ्या जमल्या. त्या बॅटऱ्या रोज कोळीवाड्यातून उचलून बंदरावर नेणं आणि चार्ज करायला परत आणणं काही शक्य नव्हतं, आणि बंदरावर विजेचा खांबही नव्हता. तेव्हा उत्तमने कल्याणच्या भंगारवाल्याकडून सहा सोलर पॅनेलं शोधून आणली. कुठल्याशा डोंगरावरच्या टेलिफोनच्या टॉवरवरून उतरवलेली, त्यांतल्या दोन पॅनेलांचे कोपरे तडकलेले. होडीवर बांबूचं छप्पर करायचं, त्यावर ही पॅनेलं टाकायची; होडी बंदरावर उभी असताना ऊन खाईल आणि बॅटऱ्या भरत राहतील.

एका रविवारी उत्तम नामाच्या ओटीवर कागद पसरून बसला. त्याने मोटरीचा करंट मांडला, चार तास फिरायचं धरलं, बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हेही धरलं, आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाला की हे बसत नाही. जाता-येता पाण्याचा जोर कापायचा तर बॅटऱ्या दुप्पट लागतील, मग वजन वाढेल, वजन वाढलं की पुन्हा करंट वाढेल. दामाजी कोपऱ्यात जाळ्याची गाठ मारत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "पान्याच्या उलट कोन जातंय?"

उत्तमला कळलं नाही. मग नामाने समजावलं, की वल्ह्याची होडी ओहोटीबरोबर बाहेर जाते, पाणी थांबलं की तिथे काम करते आणि भरतीबरोबर घरी येते. पाण्याशी भांडायचं हे इंजिनवाल्यांनी काढलं. उत्तमने नवीन कागद घेतला. करंट निम्म्यावर आला, बॅटऱ्या दोनच पुरल्या आणि दीड दिवसाच्या उन्हात त्या भरतील असा हिशेब निघाला. "काका, हे आधी सांगायचं ना," उत्तम म्हणाला. आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं, असं दामाजीने शांतपणे उत्तर दिलं.

पुढचं वर्षभर प्रत्येक गोष्ट आवाजाच्या बाजूने ठरली. गिअर घातला असता तर दात वाजले असते, म्हणून रबरी पट्टा घातला. लहान पंखा वेगाने फिरून पाणी फेसाळवतो, म्हणून मोठा पितळी पंखा ओतून घेतला, सावकाश फिरणारा. वेग कमीजास्त करायला उत्तमने स्वतःच्या हाताने एक इलेक्ट्रॉनिक सर्किट बनवलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. होडी बंदराला बांधलेली असतानाच दामाजीने वल्ह्याला कान लावला आणि सांगितलं की कोणतरी शीळ घालतंय. दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. नामाने मोटरीला स्क्रू-ड्रायव्हर लावून बघितला तर खरंच, सर्किटाची बारीक शीळ वाइंडिंगमधून येत होती. सर्किट काढलं आणि साधा खटका बसवला: एकीकडे ओढला तर होडी सावकाश, दुसरीकडे ओढला तर जरा जोरात, मध्ये ठेवला की बंद. उत्तम पंधरा दिवस डोंबिवलीहून फिरकला नाही.

नामाची बायको मालू या सगळ्यावर फारसं बोलायची नाही. खाऱ्या वाऱ्याने पॅनेलांवर मिठाचा थर बसायचा आणि करंट कमी यायचा. कोळीवाड्यातली माणसं त्या पॅनेलांना काचा म्हणत. नळाला पाणी आलं की मालू अर्धी कळशी बाजूला काढायची, बंदरावर जायची आणि काचा गोड्या पाण्याने पुसून यायची. शेजारणी हसायच्या, की नामाच्या होडीची रोज आंघोळ असते.

एकोणनव्वदच्या नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. बंदरावर सगळा कोळीवाडा उभा होता. नामाने खटका ओढला आणि होडी निघाली. आवाज झालाच नाही. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना, कारण होडी चालू झाल्याचंच बऱ्याच जणांच्या ध्यानात आलं नव्हतं. धाकू मात्र धक्क्यावरून पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दामाजीने घोल ऐकली तर माजे इंजिन मी सोताच्या हातान उतरवीन." त्याच्यामागून आणखी तिघा-चौघांनी तेच सांगितलं. एका म्हाताऱ्याच्या खांद्यापायी सुरू झालेलं काम त्या दिवसापासून बंदराचं झालं.

खाडीच्या मध्ये, पाणी थांबलं तिथे, दामाजीने वल्हं सरळ धरलं. मोटर नामाने सावकाश चालूच ठेवली होती, कारण तिला घोळ भिते की नाही हेच बघायचं होतं. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून खाली वाकून त्याने कान मुठीवर ठेवला. तो बराच वेळ तसा राहिला. नामा त्याच्या डाव्या हाताकडे बघत होता. हात मांडीवरच राहिला. शेवटी दामाजी उठून बसला आणि म्हणाला, "बारीक भुनभुन हाय अजून. ती हाय तवर घोल यायची नाय."

नामाने मोटर खाली उतरवली आणि ट्रकच्या टायरच्या रबरावर बसवली. पुढच्या अमावास्येला पुन्हा गेले. भुनभुन होती. पंख्याच्या कडा कानशीने घासून गोल केल्या. भुनभुन होती. कार्बन बदलले, आर्मेचर लेथवर धरून साफ केलं, पट्टा नवा घातला. वर्ष गेलं. प्रत्येक वेळी धाकू धक्क्यावर उभा असायचा, नामा मान हलवायचा आणि धाकू घराकडे वळायचा. उत्तमने एकदा डॉक्टरांची नळी आणून मोटरीला लावली. त्याला तर मोटर चालू आहे की बंद हेसुद्धा हाताने बघावं लागलं. "नामा, मी तुला स्पष्ट सांगतो," तो म्हणाला. "यात आता आवाज नाही. काकांचं वय झालंय."

नामाला राग आला, पण तो राग उत्तमवर नव्हता. हेच त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. बापाचा कान गेला असेल, म्हाताऱ्या माणसांच्या कानात गुणगुणतं तसं त्याच्या कानात गुणगुणत असेल, आणि ते कबूल करायची लाज वाटून तो मोटरीवर ढकलत असेल. दोन वर्षं मी रविवार बघितला नाही, हाताची सालटी निघाली, आणि दोष माझ्या मोटरीचा. घरी त्याने गुपचूप परीक्षा घेतली. दामाजी ओटीवर पाठ करून बसलेला असताना स्वयंपाकघरात मालूच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. दामाजीने बाहेरून त्याला उत्तर दिलं. तरी नामाची खात्री पटेना. मनात एकदा अढी बसली की पुरावा उलटा दिसतो.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, बापलेक पुन्हा निघाले. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, बॅटऱ्या भरलेल्या. आज काय तो निकाल लावायचा, असं नामाने ठरवलं होतं. बंदरातून निघताना त्याने बापाला पुढच्या टोकाला, मोटरीकडे पाठ करून बसवलं. धक्का सुटला, ओहोटीचं पाणी होडीला ओढू लागलं तसा त्याने खटका मध्ये आणून ठेवला. होडी नुसत्या पाण्यावर चालली होती आणि दामाजीला ते कळलं नव्हतं, किंवा कळल्याचं त्याने दाखवलं नाही. तासाभराने पाणी थांबलं. दामाजीने वल्हं सरळ धरलं आणि कान टेकवला.

नामाने विचारलं, की आज कसं आहे.

"हाय अजून," दामाजी म्हणाला. "त्याच जागी हाय."

म्हणजे झालं. मोटर तासभर बंद होती. नामाला जिंकल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी रडू यावं असंही वाटलं, कारण जिंकून काय मिळालं होतं? बापाचा कान गेला होता. आता तो हात कधीच वर जाणार नव्हता. खटका बंद आहे हे सांगून टाकावं म्हणून तो पुढे सरकला. दामाजीने वळून त्याच्याकडे बघितलं आणि वल्ह्याची मूठ त्याच्यापुढे केली. "येकदा तू ऐक. तुजाबी कान हाय."

एवढ्या वर्षांत बापाने ते वल्हं त्याच्या हातात असं दिलं नव्हतं. नामाने वाकून कान टेकवला. आधी नुसतं पाणी, लाकडाला घासून जाणारं. मग पाण्याची सवय झाली आणि त्याखालून ती आली. भुनभुन. बारीक, एकसारखी, न थांबणारी. क्षणभर त्याला वाटलं खटका नीट बसला नाही. त्याने मागे बघितलं. खटका मध्ये होता, पट्टा थांबलेला होता.

त्याने पुन्हा कान लावला, आणि या वेळी कोळ्याच्या पोरासारखा नाही, वर्कशॉपमधल्या माणसासारखा ऐकू लागला. चार पोलची मोटर, मिनिटाला साडेचौदाशेच्या आसपास. एक नाही, दोन; दुसरी जरा लांब. जवळच्या मोटरीचं पुढचं बेरिंग चाललं होतं, एक गोळी खरवडलेली, प्रत्येक फेऱ्याला टिकटिकत होती. मागून पाणी ढकलल्याची घरघर. काठावरच्या कुठल्याशा कारखान्याचा पंप होता, पाइप खाडीत सोडलेला. असे पंप त्याच्या टेबलावर वर्षातून दोनदा यायचे. हाही आला असेल. याचीही तार त्यानेच गुंडाळली असेल, बेरिंग ठोकून बसवलं असेल, कान लावून पास केला असेल. आपल्या होडीची मोटर दोन वर्षं तो गप्प करत होता आणि ज्या मोटरी खाडीत विष टाकत होत्या त्या रोज आठ तास चालू करून देत होता.

त्याने कान उचलला नाही. भुनभुनीच्या खाली काय आहे ते त्याला ऐकायचं होतं. लहानपणी त्याने तो बेडकाचा आवाज ऐकला होता, तो ओळखला असता. त्याने बराच वेळ वाट बघितली. पाय बधिर झाले. भुनभुनीच्या खाली काही नव्हतं. घोळ नव्हती, दुसरं काही खुडबुडत नव्हतं, चिखलातला बुडबुडासुद्धा वर येत नव्हता. ही खाडी आवाजाने रिकामी झालेली नव्हती. सगळ्या होड्यांची इंजिनं उतरवून ठेवली असती तरी इथे काही परत येणार नव्हतं.

आणि बापाचा कान शाबूत होता. इतका शाबूत, की काठावरचा पंप त्याला होडीत बसून ऐकू येत होता.

"काय ऐकलंस?" दामाजीने विचारलं.

नामा वल्ह्याची मूठ धरून बसला होता. सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. मोटरीचा दोष दुरुस्त होतो. दोष मोटरीचा आहे तोवर म्हाताऱ्याला पुढच्या अमावास्येची वाट बघता येत होती, धाकूला धक्क्यावर उभं राहता येत होतं. त्यासाठी आपल्या हातची सगळ्यांत चांगली मोटर नामाला वाईट ठरवावी लागणार होती. ते तसं सोपं नव्हतं.

"मोटरच हाय, बा," तो म्हणाला. "पुढचं बेरिंग गेलंय. तुझं बरोबर होतं."

दामाजी बसल्या जागेवरून उठला, छपराचा बांबू डाव्या हाताने धरत धरत मागे आला आणि मोटरीशेजारी टेकला. मग त्याने तोच हात मोटरीवर ठेवला. तासभर चाललेली मोटर चांगली गरम असते, हे दोन वर्षांत त्यालाही माहीत झालं होतं. मोटर गार होती. नामाने मान खाली घातली. दामाजीचा हात मोटरीवर तसाच राहिला, आणि तो समोर पाण्याकडे बघत राहिला. भरती लागली, होडी आपोआप वळली आणि घराकडे निघाली. दोघांपैकी कुणीही खटक्याला हात लावला नाही.

धक्क्यावर धाकू उभा होता. त्याने नेहमीसारखं नामाकडे बघितलं. नामा तोंड उघडणार एवढ्यात दामाजी बोलला. "बेरिंग गेलंय," तो म्हणाला. "पोराला मोटरीतलं कलतंय. तो बदलल. जरा थांबा."

पुढच्या रविवारी नामाने मोटर ओटीवर आणून खोलली. मालूने जुनं फडकं पसरून दिलं. पुढचं बेरिंग त्याने काढलं, रॉकेलने धुतलं आणि बोटावर धरून फिरवलं. ते कसलाही आवाज न करता किती तरी वेळ फिरत राहिलं. दामाजी समोर बसून बघत होता. ते थांबल्यावर नामाने ते बाजूला ठेवलं आणि नवीन बेरिंग मागितलं. दामाजीने कागद उलगडून ते त्याच्या हातात दिलं.